मेल गेला म्हणजे नेमका गेला कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या हॉलमध्ये पंचवीस वर्षांत पाण्यावर भाषणं झाली, पार्किंगवर झाली, गच्चीच्या लीकेजवर तर किती झाली त्याचा हिशोब नाही. कॉम्प्युटरवर कोणी बोललेलं मला आठवत नाही. मी तेवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच घरांत मी चहा प्यायलोय. पण आज विषय मी निवडला नाही, गेल्या पावसाळ्याने निवडला. ऑफिसचा कॉम्प्युटर उडाला, आणि त्याच्याबरोबर आपले सगळे मेल गेले अशी बोंब झाली, ते तुम्हाला माहीत आहेच.

त्या मेलमध्ये काय होतं, हे मात्र सगळ्यांना माहीत नाही. आपलं मानीव अभिहस्तांतरणाचं काम चालू आहे. म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर व्हायची आहे. त्यासाठी प्रत्येकाचे करार, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, आर्किटेक्टचा दाखला, हे कागद फायलीत आहेत. पण बागेच्या तुकड्याबद्दल बिल्डरच्या ऑफिसने २०१६ साली जे उत्तर पाठवलं होतं, मंजूर नकाशा जोडून, ते फक्त मेलवर होतं. त्याची प्रिंट कोणी काढली नव्हती. बाग आपली की त्यांची, हा प्रश्न त्या एका मेलवर अडला होता. सुनावणीला तीन आठवडे बाकी होते.

तर सगळ्यात आधी हे समजून घ्या, की तुमचा मेल राहतो कुठे. निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. तुम्ही जीमेल ब्राउजरमध्ये किंवा मोबाईलवर उघडता, तेव्हा मेल तुमच्या मशीनमध्ये नसतोच. तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. कॉम्प्युटर जळून खाक झाला तरी दुसऱ्या मशीनवर पासवर्ड टाकला की सगळं समोर. पण जुनी पद्धत वेगळी होती. आऊटलुक, आऊटलुक एक्सप्रेस, थंडरबर्ड यांसारख्या प्रोग्रॅममध्ये पीओपी पद्धतीने मेल यायचा. पीओपी म्हणजे पोस्टमनसारखं. पत्र तुमच्या दारात टाकलं, पोस्टात काही शिल्लक नाही. सर्व्हरवर प्रत ठेवा असा एक पर्याय सेटिंगमध्ये असतो, पण तो कोणी टिक केलेला असेल तर. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र पोस्टातच राहतं, तुम्ही फक्त वाचता.

आपल्या ऑफिसचा कॉम्प्युटर २०१० साली घेतलेला. त्यात आऊटलुक २००७, आणि पीओपी. सेटिंग तेव्हा ज्याने केलं तेच शेवटपर्यंत. म्हणजे चौदा वर्षांचा पत्रव्यवहार एका हार्डडिस्कवरच्या एका फाइलमध्ये, जिच्या नावाच्या शेवटी पीएसटी असतं. एकच फाइल! तिजोरी म्हणा हवं तर, पण किल्लीसकट खिडकीत ठेवलेली.

आता उडाला म्हणजे काय, तेही बघा. दुकानात लोक येतात आणि म्हणतात, कॉम्प्युटर उडाला. त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात. कधी नुसता पॉवर सप्लाय गेलेला असतो. कधी मदरबोर्ड जातो. कधी विंडोज सुरू होत नाही. या तिन्हीत डिस्क ठणठणीत असते, आणि डिस्क ठणठणीत म्हणजे मेल ठणठणीत. डिस्क काढायची, शे-पाचशे रुपयांची यूएसबीची केस मिळते तिच्यात घालायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि फाइल कॉपी करून घ्यायची. चौथा प्रकार खरोखर डिस्क गेल्याचा. त्यातून टकटक आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा. परत परत चालू करून बघू नका. आतला हेड प्लेटवर घासत असतो, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं खरवडून काढतो. अशी डिस्क लॅबमध्येच उघडावी लागते, धूळ नसलेल्या खोलीत. ते काम स्वस्त नसतं, आणि खात्रीही कोणी देत नाही. माझ्यासारख्या दुकानदाराने ती उघडतो म्हटलं तर त्याच्याकडून परत घ्या.

आपल्याकडे विंडोज सुरू होत नव्हतं. बाहेरून बोलावलेल्या माणसाने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, संध्याकाळपर्यंत देतो. आपल्या सेक्रेटरी ताईंनी विचारलं, आतल्या मेलचं काय? तो म्हणाला, ते जाणारच. ताईंनी त्याला चहा दिला, पैसे दिले आणि परत पाठवलं. या एका गोष्टीसाठी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला हरकत नाही. (टाळ्या)

पीएसटी फाइल निघाली, पण उघडेना. खराब झाली असं आऊटलुक सांगत होतं. अशा वेळी घाबरायचं नाही. आऊटलुकबरोबरच स्कॅनपीएसटी नावाचं एक छोटं दुरुस्तीचं साधन येतं, फुकट. विकतचं काही घ्यायच्या आधी ते चालवा. फक्त मूळ फाइलवर चालवू नका. आधी प्रत काढा, प्रतीवर चालवा. डॉक्टर आधी एक्स-रे काढतो तसं. आमचं ते दोनदा चालवावं लागलं. बरेचसे मेल आले, पण काही फोल्डर रिकामे होते, आणि २०१६ सालच्या फोल्डरमध्ये निम्मेच मेल होते. बागेचा मेल त्यात नव्हता.

इथे मी थोडा थांबतो, कारण बी विंगमधल्या काकूंची गोष्ट याच्याआधीची आहे आणि तिच्यातूनच पुढची वाट सापडली. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, नाव घेऊ नको म्हणाल्या.

काका गेल्यानंतर वर्षभराने त्यांचा जुना कॉम्प्युटर बिघडला. नातवासाठी तो कोणाकडून तरी दुरुस्त करून घेतला. म्हणजे फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकलं, आणि नातू पंधरा दिवस त्यावर गेम खेळला. मग अमेरिकेतल्या मुलीने फोनवर विचारलं, बाबांचे आणि माझे मेल आहेत ना त्यात? २००३ पासूनचे, ती तिकडे गेली तेव्हापासूनचे. तेव्हा मराठी टायपिंग कोणाला येत नव्हतं, त्यामुळे मराठी पत्रं इंग्रजी अक्षरांत. काका रोज रात्री साडेनऊला लिहायचे, आज भाजी काय आणली इथपासून.

आता फॉरमॅट केल्यावर काही उरतं का? उरतं. आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. फाइल डिलीट करणं किंवा झटपट फॉरमॅट करणं म्हणजे दारावरची नावाची पाटी आणि रजिस्टरमधली नोंद काढणं. माणूस अजून फ्लॅटमध्येच आहे. पण कागदावर फ्लॅट रिकामा, त्यामुळे उद्या नवा भाडेकरू सामान घेऊन येऊ शकतो. तो आला की पहिला गेला. म्हणून काही चुकून पुसलं गेलं तर त्या मशीनवर काम थांबवा. त्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा डाउनलोड करू नका, तेही भाडेकरूच आहे! डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा आणि तिथून शोधा. रेकुव्हा आहे, फोटोरेक आहे, ही फुकट मिळतात. हे सगळं जुन्या फिरत्या डिस्कबद्दल. आजच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. पाटी काढली की थोड्याच वेळात फ्लॅट झाडून पुसून साफ. तिथे आशा फार कमी.

काकूंच्या मशीनमध्ये नवं विंडोज आलं होतं, पंधरा दिवसांचे गेम आले होते, म्हणजे भाडेकरू बरेच आले होते. काका आऊटलुक एक्सप्रेस वापरायचे. त्यात प्रत्येक फोल्डरची वेगळी फाइल असते, इनबॉक्सची एक, पाठवलेल्यांची एक, शेवटी डीबीएक्स. फाइल अखंड मिळाली नाही, तरी तिचे तुकडे चाळून त्यातून एकेक मेल बाहेर काढता येतो. इनबॉक्सचे बरेच तुकडे मिळाले. मुलीची पत्रं आली. बाळाच्या बारशाचे फोटो आले, वरचा अर्धा स्वच्छ आणि खालचा अर्धा राखाडी पट्टा. पण पाठवलेल्यांची फाइल जिथे होती तिथेच नेमका गेम येऊन बसला होता. म्हणजे मुलीचं लिहिलेलं सगळं होतं आणि काकांचं लिहिलेलं एकही नव्हतं. काकू स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, अरे, हिचं तर हिच्याकडे आहेच की.

ते ऐकून माझ्या डोक्यात आलं, की मग काकांचंही तिच्याकडेच असणार! फोनचं तसं नाही, पण पत्राला दोन टोकं असतात. इथून पाठवलेला मेल तिथे पोचलेला असतो. मुलीने तिचं जुनं अकाउंट बंद होऊ दिलं नव्हतं, अधूनमधून उघडायची. शोधल्यावर काकांची सातशेच्या वर पत्रं मिळाली. तिने ती एका फोल्डरमध्ये काढून पाठवली. काकूंनी प्रिंट करून घेतली, तीन फायली झाल्या. अजून रोज एक वाचतात म्हणे, साडेनऊला.

तीच युक्ती ऑफिससाठी केली. २०१६ चा तो मेल बिल्डरकडे मागण्यात अर्थ नव्हता. पण त्याची प्रत आपल्या तेव्हाच्या आर्किटेक्टना आणि वकिलांना गेली होती. आर्किटेक्टच्या ऑफिसात सापडला, नकाशासकट. त्यांना मी एवढंच सांगितलं, की नुसता फॉरवर्ड करू नका, अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करा. साध्या फॉरवर्डमध्ये वरचा मजकूर बदलतो. अटॅचमेंट म्हणून पाठवलं की मूळ मेल त्याच्या सगळ्या तारखा, वेळा आणि सर्व्हरच्या शिक्क्यांसकट जसाच्या तसा येतो. कुठे पुरावा म्हणून द्यायचा झाला तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. ते वकिलांचं काम, मी त्यात पडत नाही. मेल सुनावणीच्या आधी फायलीत लागला.

तुम्ही म्हणाल, आम्ही जीमेलवाले, आम्हाला काय. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमध्ये चूक झाली आणि काही लोकांनी सकाळी जीमेल उघडलं तर कोरं! शंभरात नाही, दहा हजारांत दोघांचं, पण ज्याचं गेलं त्याचं सगळंच गेलं. गुगलकडे एकाहून जास्त डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, चूक त्या सगळ्या प्रतींपर्यंत पोचली. वाचवलं कशाने? टेपने. गुगल मेलची प्रत चुंबकीय टेपवरही ठेवत होतं, ऑनलाइन व्यवस्थेपासून बाजूला. त्यावरून मेल परत भरले. आपल्या वडिलांच्या कॅसेटची थट्टा करणाऱ्या मुलांनी हे ऐकून ठेवा.

जीमेलमध्ये हरवलेला मेल बहुतेक वेळा हरवलेला नसतोच. बोट लागून अर्काइव्ह झालेला असतो. ऑल मेलमध्ये बघा. मग स्पॅममध्ये, मग ट्रॅशमध्ये. ट्रॅश आणि स्पॅममध्ये तीस दिवस राहतं, नंतर आपोआप जातं. आणि दोन वर्षं अकाउंटला हातच लावला नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. घरातलं कोणी गेलं असेल तर हे लक्षात असू द्या. आपल्या पश्चात कोणाला अकाउंटमधलं काय मिळावं, हे जिवंतपणी ठरवून ठेवायची सोयही आहे, इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक दिवस येऊन मी ती करून देईन.

आता थोडं बोचणारं. डिस्क गेल्यापेक्षा सोसायट्यांचे मेल जास्त वेळा जातात ते पासवर्डमुळे. ज्याने अकाउंट उघडलं त्याचा मोबाईल नंबर त्यात. कमिटी बदलते, माणूस फ्लॅट विकून पुण्याला जातो, आणि ओटीपी पुण्याला जातो. कार्यभार देताना आपण चेकबुक मोजून देतो, शिक्के मोजून देतो, आणि मेलचा पासवर्ड चिठ्ठीवर, तोही जुना. माझं मत स्पष्ट आहे, मेल अकाउंट हे शिक्क्यासारखं हस्तांतर यादीत लिहिलं गेलं पाहिजे, आणि रिकव्हरी नंबर त्याच दिवशी बदलला पाहिजे.

नवी व्यवस्था अशी केली आहे. ऑफिसचा मेल आता आयमॅपवर आहे. दर तिमाहीला त्याची प्रत बाहेरच्या दोन हार्डडिस्कवर काढतो. एक ऑफिसच्या लोखंडी कपाटात, दुसरी खजिनदारांच्या घरी, कारण तळमजल्यावर पाणी शिरलं तर कपाटासकट भिजेल, २००५ ची जुलै आपण पाहिली आहे. डिस्क कॉम्प्युटरला जोडून ठेवायची नाही, काम झालं की काढायची. आणि प्रत निघाली एवढ्यावर समाधान नाही, दर वेळी त्यातला एक जुना मेल उघडून बघायचा. मागच्या वेळी उघडला तो २०१२ च्या लिफ्टच्या तक्रारीचा निघाला. लिफ्ट अजून तशीच आहे, तो विषय सर्वसाधारण सभेत घेऊ.

कोणाच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला डिस्क दाखवा. रविवारी दहा ते बारा मी ऑफिसमध्ये असतो. येताना चार्जर नको, पण जुना पासवर्ड आठवत असेल तर तो आणा.