आना झेगर्स : धैर्याची कादंबरी आणि कोर्टातलं मौन



एका जाकिटाची गोष्ट सांगून सुरुवात करते. फ्रिट्झ हेलविग नावाचा शेतकी शाळेतला एक मुलगा, हिटलरच्या युवक संघटनेतला. त्याचं नवंकोरं, हौसेनं घेतलेलं मखमली कॉर्डचं जाकीट चोरीला जातं. चोर म्हणजे छळछावणीतून पळालेला एक कैदी. फ्रिट्झ चिडतो, चोर सापडावा म्हणून देव पाण्यात ठेवतो. चारेक दिवसांनी गेस्टापोवाले त्याला बोलावून जाकीट समोर टाकतात. जाकीट त्याचंच. तो ते उलटंपालटं करून बघतो आणि म्हणतो, हे माझं नाही. तेवढ्यानं पोलिसांच्या हातातला माग सुटतो.

‘सातवा क्रूस’ या कादंबरीतला हा प्रसंग. फ्रिट्झ काही क्रांतिकारक नाही. चार दिवसांत त्याच्या मनात काय काय उलथापालथ झाली ते लेखिका फार थोडं सांगते. पण एका पोराच्या तोंडून निघालेला ‘नाही’ एका माणसाचा जीव वाचवायला कसा पुरेसा होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही लेखिका म्हणजे आना झेगर्स. जन्म १९ नोव्हेंबर १९००, ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स शहरात. माहेरचं नाव नेट्टी रायलिंग. धर्मनिष्ठ ज्यू घराण्यातली एकुलती एक लेक. वडील कलावस्तूंचे व्यापारी. हायडेलबर्गला कलेचा इतिहास आणि चिनी विद्या शिकून १९२४ साली तिनं डॉक्टरेट मिळवली, विषय होता रेम्ब्राँच्या चित्रांतले ज्यू. टोपणनावही तिनं हेर्क्युलीस झेगर्स या जुन्या डच चित्रकाराकडून उचललं. १९२५ मध्ये लास्लो राद्वान्यी या हंगेरियन कम्युनिस्टाशी लग्न, मग दोन मुलं. १९२८ साली तिचं कोळ्यांच्या उठावावरचं पहिलं पुस्तक आलं, त्याच वर्षी तिला क्लाइस्ट पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी ती कम्युनिस्ट पक्षात गेली. लेखन आणि पक्ष, दोन्ही तिच्या आयुष्यात जोडीनं आले आणि अखेरपर्यंत जोडीनंच राहिले. पुढे जे सांगायचं आहे ते याशिवाय उमगणार नाही.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पोलिसांनी तिला पकडलं, सोडलं, आणि ती स्वित्झर्लंडमार्गे फ्रान्सला निघून गेली. ‘सातवा क्रूस’ पॅरिसच्या परिसरात, १९३८-३९ मध्ये लिहिली गेली. छावणी तिनं स्वतः पाहिलेली नव्हती. जर्मनीतून सुटून आलेल्यांकडून ती तपशील गोळा करत होती, आणि गावं, रस्ते, सफरचंदाच्या बागा, धुकं हे सगळं तिच्या बालपणातलं होतं. कादंबरीतली वेस्टहोफेनची छावणी तिच्या माहेरच्या प्रदेशातल्या ओस्टहोफेनवर बेतलेली आहे.

कथानक साधं आहे. सात कैदी पळतात. छावणीचा अधिकारी सात झाडांची खोडं छाटून त्यांना आडव्या फळ्या ठोकतो. पकडून आणलेल्या प्रत्येकासाठी एक. सातवं खोड मोकळंच राहतं, कारण गेओर्ग हाइस्लर सापडत नाही. एका रात्री तो माइन्त्सच्या मोठ्या चर्चमध्ये दडून राहतो. त्याचा शाळूसोबती पाउल रोएडर हा कारखान्यातला कामगार, राजवटीकडून मिळणाऱ्या सवलतींवर खूश असलेला, बायकामुलांत रमलेला. त्याच्या दारात गेओर्ग येऊन उभा राहतो. खरं काय ते कळल्यावरही पाउल त्याला घराबाहेर काढत नाही, आणि त्या दिवसापासून त्याच्या सुखी संसाराच्या पोटात भीती शिरते. माझ्या मते गेओर्गपेक्षा पाउल हे या कादंबरीतलं मोठं पात्र आहे. गेओर्गला पळण्यावाचून गत्यंतर नाही, पाउलला आहे.

या पुस्तकाचं हस्तलिखित बचावलं हेच नवल. मॉस्कोच्या एका मासिकात प्रकरणं छापून येऊ लागली होती, ती हिटलर-स्टालिन करारानंतर थांबली. प्रती चार दिशांना गेल्या होत्या. एक न्यूयॉर्कला मित्राच्या हाती सुखरूप पोचली. १९४२ साली अमेरिकेत इंग्रजी अनुवाद निघाला आणि हातोहात खपला. १९४४ मध्ये फ्रेड झिनमननं त्यावर चित्रपट काढला. गेओर्ग झाला होता स्पेन्सर ट्रेसी.

स्वतः लेखिकेची सुटकाही कादंबरीहून सोपी नव्हती. १९४० मध्ये नवरा फ्रान्समधल्याच व्हेर्नेच्या छावणीत डांबलेला. जर्मन फौजा आल्या तशी ती दोन मुलांना घेऊन पॅरिसमधून पायी निघाली, पुढे जाता येईना म्हणून परत फिरली, पुन्हा निघाली. मार्सेयला शिक्के, परवाने आणि दूतावासांच्या रांगा. मार्च १९४१ मध्ये तिथून जहाज मिळालं आणि शेवटी मेक्सिको. या रांगांतूनच ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी उभी राहिली. एक परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते, हे ज्यानं अनुभवलं आहे त्यानं ती जरूर वाचावी.

आई मात्र माइन्त्समध्येच अडकली होती. तिला बाहेर काढायचे प्रयत्न चालू असतानाच, मार्च १९४२ मध्ये तिला पोलंडातल्या प्यास्कीला पाठवलं गेलं. ती परत आली नाही. लेकीला जगभर नाव मिळालं त्याच वर्षी. पुढच्या वर्षी मेक्सिको शहरात एका मोटारीनं झेगर्सना उडवलं. डोक्याला भयंकर मार लागला. त्या दुखण्यातून उठताना तिनं ‘मृत मुलींची सहल’ ही कथा लिहिली. पहिल्या महायुद्धाआधीची शाळेची सहल, ऱ्हाइनचा काठ, वर्गमैत्रिणी, आणि प्रत्येकीचं पुढे काय होणार हे त्याच दमात सांगितलेलं. लेनी आणि मारिआन या जिवाभावाच्या मैत्रिणी. पुढे लेनीला आणि तिच्या नवऱ्याला अटक होते, आणि तिच्या पोरीला नातेवाइकांकडे पोचवायला मारिआन साफ नकार देते. जर्मन भाषेत याहून चांगल्या कथा फार नसतील.

१९४७ मध्ये ती बर्लिनला परतली. त्याच वर्षी ब्युशनर पारितोषिक मिळालं. पूर्व जर्मनीत राहून १९५२ ते १९७८ ती लेखक संघाची अध्यक्ष होती. आणि इथे मला त्या विषयाकडे यायचं आहे, जो टाळला तर हे व्याख्यान अपुरं राहील.

वाल्टर यांका हा तिचा मेक्सिकोतला सहकारी. ‘सातवा क्रूस’चं मूळ जर्मन पुस्तक ज्या निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेनं काढलं, ती त्यानंच चालवली. पुढे तो पूर्व बर्लिनमध्ये तिचा प्रकाशक झाला. १९५६ च्या अखेरीस त्याला अटक झाली. त्याच्यावरचा एक आरोप असा, की हंगेरीतल्या उठावाच्या वेळी झेगर्सचा मित्र, हंगेरियन तत्त्वज्ञ लुकाच याला बुडापेस्टहून आणण्याचा त्यानं कट केला. यांकानं पुढे लिहिलं आहे की ही कल्पना झेगर्सनीच मांडली होती, मित्राच्या जिवाच्या काळजीनं. जुलै १९५७ मध्ये खटल्याच्या वेळी ती समोर बसली होती. सगळं ऐकलं आणि काही बोलली नाही. यांकाला पाच वर्षांची सजा झाली.

फ्रिट्झला आणि पाउलला जन्म देणारी लेखिका तिथे गप्प बसली. मी हे सौम्य करून सांगणार नाही. पक्षानं तिला हिटलरविरुद्ध उभं राहायचं बळ दिलं होतं. आई गेली, घर गेलं, तेव्हा पक्ष उरला होता. तो सोडणं तिच्यासाठी काय असतं, हे आपण कल्पनेनंच जाणू शकतो. तरी यांकाला झालेली सजा ही सजाच.

पण ती नुसतीच गप्प बसली नाही, तिनं लिहिलंही. १९५७-५८ च्या सुमारास तिनं ‘न्यायी न्यायाधीश’ नावाची कथा लिहिली. एका तरुण न्यायाधीशाला सांगितलं जातं की या माणसाला दोषी ठरव. त्याला दोष सापडत नाही, तो नकार देतो, आणि शेवटी स्वतःच कैदी होऊन त्याच माणसाला भेटतो. ही कथा तिनं छापली नाही. १ जून १९८३ रोजी ती गेली. कथा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली, बर्लिनची भिंत पडल्यानंतर. यांकाच्या आठवणी त्याच्या एकच वर्ष आधी, १९८९ मध्ये, आल्या होत्या. त्यामुळे जर्मन वाचकांना तिचं मौन आधी कळलं आणि ही कथा नंतर. तुम्ही मात्र ‘सातवा क्रूस’ आधी वाचा, मग ही छोटी कथा, आणि तिच्याबद्दलचं मत त्यानंतर बनवा.