किती म्हणजे फार?
(ज्युबिलीनिमित्त प्रौढांच्या सभेंत केलेलें भाषण)



पूर्वजांच्या श्रद्धेचें गुणगान या मंगल प्रसंगीं पुष्कळ झालें. आम्ही आज थोडें अप्रिय बोलणार आहों. मुलें मोबाइलांत बुडालीं अशी तक्रार घेऊन आईबाप आमच्याकडे येतात. त्या आईबापांचें स्वतःचें काय, हें कोणी विचारीत नाहीं.

दारू तोंडाच्या वासावरून कळते. इंटरनेटचें व्यसन कशावरून कळावें? नुसते तास मोजून भागत नाहीं, कारण कित्येकांचें पोटच त्यावर चालतें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनीं प्रथम जुगाराच्या व्यसनाच्या निकषांवरून आठ प्रश्न बनविले, व १९९८ सालीं वीस प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तरास शून्यापासून पांचपर्यंत गुण. बेरीज ३० पर्यंत असल्यास सामान्य, ३१ ते ४९ सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ८० व पुढें तीव्र. ठरविल्याहून अधिक वेळ बसतां काय, कोणी हाक मारिल्यास खेंकसतां काय, झोंप मोडतां काय, किती वेळ बसलों हें लपवितां काय, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणाशीं त्यांचें नातें उघड आहे. मात्र हा कांहीं वैद्याचा दाखला नव्हे.

आम्हीं ही कसोटी स्वतःस लाविली. गुण २७ आले व आम्ही समाधानानें झोंपलों. दुसऱ्या दिवशीं तेच प्रश्न आमच्याविषयीं सोडविण्यास आमच्या सहाय्यक धर्मगुरूंस सांगितलें. ते बरेच संकोचले. बेरीज ४६ झाली. आजीस पवित्र तेल लावावयाचें बोलावणें घेऊन आलेल्या एका मुलास, हातांतील मोबाइल न सोडतां, आम्हीं दाराशीं किती वेळ उभें ठेविलें होतें, हें त्यांस आठवत होतें. आम्हांस आठवत नव्हतें.

संत इग्नेशियस लोयोला यांनीं एका विशिष्ट दोषासाठीं रोज दोन रेषा आंखून, जितक्यांदा पडलों तितके ठिपके दुपारीं व रात्रीं मांडण्याची रीत घालून दिली आहे. उपवासकाळापासून आम्हीं तशी वही ठेविली आहे. दुसरी रेषा अजून पहिलीहून फारशी रिकामी नाहीं.

प्रश्नपत्रिका सभागृहाच्या दाराशीं ठेविल्या आहेत. प्रत्येकानें दोन घ्याव्या. एक स्वतः भरावी, दुसरी आपल्याविषयीं घरच्या माणसाकडून भरून घ्यावी. दोहोंपैकीं एकीची बेरीज ५० च्या वर गेल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जावें. एकट्यानें जाण्याची लाज वाटल्यास आम्ही बरोबर येऊं.