गल्लीची रुंदी आणि वसाहतीचे स्वरूप

नगररचना हा तांत्रिक विषय आहे, तेव्हा तो अभियंते आणि वास्तुविशारद यांच्याकडे सोपवून इतरांनी निश्चिंत राहावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. पुण्यातील डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता या जुन्या निवासी वसाहतींचा अनुभव पाहिला, तर हा समज किती महाग पडतो याची कल्पना येते.

मुठेच्या पश्चिमेकडील हा भाग मूळचा भांबुर्डे आणि एरंडवणे या गावांच्या शिवारातला. मुंबई प्रांतात १९१५ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्त्यांसाठी जागा काढावयाची आणि उरलेल्या जमिनीचे रेखीव भूखंड पाडून ते मूळ मालकांना परत द्यावयाचे, अशी त्या कायद्याची रीत होती. या परिसरातील कित्येक पत्त्यांमध्ये अद्यापि ‘फायनल प्लॉट’ क्रमांक लिहिला जातो, तो याच रीतीचा अवशेष होय. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ मध्ये आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली आणि एका रस्त्याला आपले नाव देऊन गेली. पेठांतील वाड्यांत दाटीने राहणारी मध्यमवर्गीय कुटुंबे हळूहळू इकडे आली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्यावर शहराचा बाहेरच्या बाजूस विस्तार अधिकच वेगाने झाला.

या वसाहतींचे स्वरूप कशामुळे टिकून राहिले? रहिवाशांची अभिरुची हे उत्तर सुचते, पण ते अपुरे आहे. भूखंडाच्या चारी बाजूंस मोकळे सोडावयाचे सामासिक अंतर, बांधकामाचे क्षेत्र ठरविणारा चटईक्षेत्र निर्देशांक आणि समोरील रस्त्याची रुंदी या तीन गोष्टींनी ते टिकविले. कुंपणालगतचा आंबा, फाटकाजवळचे बकुळीचे झाड, मुलांना खेळता येईल इतकी निवांत गल्ली, हे सारे या तीन आकड्यांच्या आधाराने उभे असते. रहिवाशांना मात्र त्यांची वार्ता सहसा नसते.

यांपैकी रस्त्याची रुंदी सर्वांत निर्णायक होय. डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पुण्यासारख्या शहराच्या दाट वस्तीबाहेरील भागासाठी मूळ निर्देशांक १.१० ठेवला आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन त्यात भर घालता येत नाही. रस्ता नऊ मीटरचा होताच ही दोन्ही दारे उघडतात आणि एकूण निर्देशांक २.०० पर्यंत जातो. म्हणजे पाचशे चौरस मीटरच्या भूखंडावर जेथे साडेपाचशे चौरस मीटर बांधकाम झाले असते, तेथे एक हजार चौरस मीटर होऊ शकते. अनुषंगिक क्षेत्र त्याखेरीज. भूखंड तोच आणि शेजारही तोच, परंतु घरे, मोटारी, पाणी आणि सांडपाणी मात्र जवळजवळ दुप्पट.

ही बाब लक्षात घेतली म्हणजे २०२० साली पुणे महानगरपालिकेत पुढे आलेल्या एका प्रस्तावाचे महत्त्व कळते. शहरातील सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते नऊ मीटर करावेत, असा तो प्रस्ताव होता. त्यासाठी आधार घेतला होता महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० चा, म्हणजे रस्त्याची नियमित रेषा आखण्याच्या अधिकाराचा. प्रस्तावात वरकरणी केवळ रस्तारुंदी होती. परंतु अरुंद रस्त्यावर विकास हक्क वापरता येत नाहीत, हा नियम त्या वेळीही होता. त्यामुळे रुंदी बदलणे म्हणजे त्या गल्लीचा निर्देशांक बदलणेच होते. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा घ्यावयाची, तर ती नेमकी कुंपणाच्या आतील झाडांची जागा असते. शिवाय प्रत्येक मालक आपले घर पाडील तेव्हाच त्याच्यापुरता रस्ता मागे सरणार. तोवर कोठे सहा, कोठे नऊ मीटर अशी गल्ली कित्येक वर्षे राहणार आणि वाढीव बांधकाम मात्र आधी उभे राहणार.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका यांना अरुंद गल्लीत अडचण होते. याच वसाहतींत पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या, उद्वाहन नसलेल्या तीनमजली इमारती आहेत. त्यांतील वृद्धांना जिना हाच तुरुंग झाला आहे. वाढीव क्षेत्र मिळाल्याखेरीज त्यांचा पुनर्विकास करण्यास कोणी विकासक पुढे येत नाही. आणखीही एक प्रश्न विचारावा लागतो. शहराच्या मध्यावरील प्रशस्त भूखंड थोड्या कुटुंबांनी राखावेत आणि त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बायांनी मात्र दूरच्या उपनगरांतून दोन बसगाड्या बदलून यावे, यास न्याय्य नियोजन म्हणता येईल काय? वसाहतीचे स्वरूप राखण्याची मागणी करणाऱ्यांनी याचे उत्तर तयार ठेवले पाहिजे.

उत्तर अगदीच नाही असे नाही. जुन्या इमारतीचा पुनर्विकास आणि बंगल्याच्या जागी नवा मनोरा हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांना एकच नियम लावण्याचे कारण नाही. चंडीगढच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी दिलेला निर्णय येथे उपयुक्त आहे. न्या. भूषण गवई यांनी लिहिलेल्या त्या निर्णयाने पहिल्या टप्प्यातील तीस सेक्टरांमध्ये एका कुटुंबासाठीच्या घरांचे मजलावार सदनिकांत रूपांतर करण्यास मनाई केली. त्याचबरोबर, तेथे अधिक लोकवस्ती सामावून घेता येईल काय, हे तेथील वारसा समितीने तपासावे, असेही सांगितले. घनता वाढवावयाची की नाही हे आधी ठरावे आणि भूखंडांचे नकाशे मागाहून मंजूर व्हावेत, हा क्रम त्यातून स्पष्ट होतो. पुण्यात या क्रमाची जागा म्हणजे विकास योजना होय. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार तिचा वीस वर्षांतून एकदा तरी फेरविचार व्हावयास हवा. जुन्या हद्दीची योजना १९८७ मध्ये मंजूर झाली आणि तिची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये. मध्ये तीस वर्षे लोटली. एवढ्या अवधीत जे निर्णय योजनेत व्हावयाचे, ते सुट्या प्रस्तावांतून होऊ लागतात.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांना हा पेठेपलीकडच्या बंगलेवाल्यांचा प्रश्न वाटण्याचा संभव आहे. परंतु पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यांपैकी अनेक ठिकाणी, गाव पंचायतीकडे असतानाच, गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या आणि बैलगाडीच्या वाटेएवढ्या बोळांच्या दुतर्फा इमारती उभ्या राहिल्या. तेथे आता रस्ता रुंद करावयाचा तर झाडे नव्हे, लोकांची घरेच पाडावी लागतील. शहरालगतच्या गावात एखाद्या रेखांकनाचा कागद पंचायतीपुढे येतो, तेव्हा भूखंडांची संख्या मोजण्यापूर्वी त्यावरील अंतर्गत रस्त्यांची रुंदी वाचणे आणि ती जागेवर जाऊन टेपने मोजून घेणे, हे काम कोणत्याही सदस्याला अभियंत्याविना करता येते.