पोकळ झाड राहू द्या

मी वलगावचा. आमच्याकडून परतवाड्याची एसटी धरली की पुढं मेळघाट, सागाचं जंगल. साग म्हणजे पैसा. लाकडाच्या हिशेबात म्हातारं, पोकळ झाड बिनकामाचं, म्हणून ते आधी तोडायचं. पण रानपिंगळा अंडी घालतो ती अशाच झाडाच्या ढोलीत. १८८४ नंतर हा पक्षी संपलाच असं वाटत होतं. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला, नंतर मेळघाटातही. साग विका ना, कोण नाही म्हणतं? फक्त प्रत्येक कुपात ढोलीची काही झाडं राखा, विणीच्या दिवसांत त्यांच्याजवळ कुऱ्हाड नको. आम्ही कोडवाले बिनकामाची वाटली ती फाईल उडवतो अन् अख्खं ॲप बसतं. आमच्याकडे बॅकअप असतो. जंगलाकडे नाही, भाऊ.