छातीवरचे नाव



विद्वानांच्या या मालेत मजसारख्या युनियनच्या माणसाला आपण बोलावले, याबद्दल मंडळाचे आभार. माझे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा करू नये. हिशेबाची मात्र जरूर करावी.

प्रश्न साधा आहे. आपल्या सदऱ्याच्या छातीवर, टोपीवर, पाटलोणीच्या खिशावर कंपनीचे नाव असते. ते तेथे कशासाठी असते, आणि त्याचे मोल कोण देतो?

कापडावर छाप मारणे ही आजची गोष्ट नव्हे. १८८९ च्या कायद्याने येथल्या गिरण्यांना ताग्यावर त्याची लांबी छापणे भाग पडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापडावर नियंत्रण आले, तेव्हा किंमतही छापावी लागली. हा छाप म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता. माप कमी भरले, दर जास्त लावला, तर कोणाला धरायचे हे त्यावरून कळे. शिंपी कापड बेतताना छापाचा तुकडा बाजूला काढी. अंगावर राही तो कपडा, आणि तो सर्वस्वी आपला असे.

पुढे छाप आतून बाहेर आला. फ्रान्समध्ये रने लाकोस्त नावाचा टेनिसपटू होता. लोक त्याला मगर म्हणत. १९३३ साली त्याने एका कापड कारखानदाराशी भागी करून सदरे विकायला काढले, आणि त्यांच्या छातीवर छोटी मगर भरली. ती लांबी सांगत नव्हती, दरही सांगत नव्हती. हा सदरा कोणत्या दुकानचा, एवढेच ती रस्त्यावरच्या लोकांना सांगत होती. त्या वाटेने मग पुष्कळ कंपन्या गेल्या. पूर्वी सिनेमाच्या जाहिरातीचा फलक पाठीपोटाला बांधून हिंडणाऱ्या माणसाला त्याची मजुरी मिळे. आज तोच फलक आपण पदरचे पैसे देऊन अंगावर घेतो!

कोणी म्हणेल, “युनियनचा बिल्लाही छातीवरच असतो की!” असतो. पण बिल्ला लावणाऱ्याला युनियनमध्ये मत असते. वर्गणीचा हिशेब तो सभेत उभा राहून विचारू शकतो. मगरीला काय विचारणार?

आता नावामागच्या कामाकडे या. आपल्या नांदेडची उस्मानशाही गिरणी निजामाच्या अमदानीत उभी राहिली, पुढे सरकारकडे गेली आणि नंतर बंद पडली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावचे भोंगे एकेक करून थांबले. लोअर परळची फिनिक्स मिल आज मोठा बाजार झाली आहे. मिलचे नाव राहिले, सूत गेले. जेथे साचे धडधडत होते तेथे नावाजलेल्या कंपन्यांचे सदरे टांगलेले दिसतात. ते शिवतो कोण? नाव ज्या कंपनीचे, तिच्या मालकीचे शिवणयंत्र बहुधा एकही नसते. ती काम कंत्राटदाराला देते, तो पोटकंत्राटदाराला देतो, आणि शेवटी एखादी बाई नगावर मजुरी घेऊन बटणे लावीत बसते. तिचे नाव कपड्यावर कोठेही नसते.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामगारांना आत कामावर पाठवले. अकराशेहून अधिक माणसे मेली. तेथे कोणाकोणाचा माल शिवला जात होता, हे शोधणाऱ्यांना ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांच्या लेबलांनी मदत केली. पुढच्याच महिन्यात इमारतींच्या सुरक्षिततेबद्दल कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला. म्हणून मी सरसकट छापाचा वैरी नाही. जो छाप मालकाला जबाब द्यायला लावतो, तो कामाचा आहे. खादीचे प्रमाणपत्र घ्या: सूत हाताने काढले आणि कापड हाताने विणले, असे ते सांगते. खोटे निघाले तर दाद मागता येते. बिनछापाचा कपडाही धुतल्या तांदळासारखा असतोच असे नाही. तोही कोणाची तरी मजुरी बुडवून शिवलेला असू शकतो. फरक इतकाच, की त्याला हात लावताना आपण कापड पाहतो.

नावाचा माल टिकतो, असे पुष्कळ जण सांगतात. काही टिकतो. मग वीण उजेडात धरून पाहा, शिवण ओढून पाहा, रंग ओल्या फडक्याने चोळून पाहा, आणि चांगला असेल तर खुशाल घ्या. पण नुसत्या नावाला दाम देऊ नका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे आपल्या आयाबायांनी केव्हाच ओळखले आहे.

आता नाजूक गोष्ट. लातूरला शिकायला खेड्यापाड्यांतून मुले येतात. एखादा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आठवडी बाजारातून नकली छापाचा सदरा घेतो. त्याला हसू नका. त्याला मगर नको असते, मान हवा असतो. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणे आपल्या समाजाला नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की जिच्यावरून तुमची जात ओळखली जाते ती लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडा. अंगावरची पायरीची खूण पुसा, हा त्याचा अर्थ. ती खूण पुसायला माणसांना लढावे लागले. आणि आपण आपल्या मुलांच्या छातीवर पैशाच्या पायरीची नवी खूण लावून त्यांना शाळेत धाडतो! वर्गातल्या ज्या पोराला ती परवडत नाही, त्याने काय करावे?

शेवटी आपल्या घरचे सांगतो. खादीचा राष्ट्रध्वज जेथे तयार होतो अशा मोजक्या ठिकाणांत आपले नांदेड आहे. येथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ते काम करते, आणि त्याचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचे मानक या ध्वजाचेच आहे. सूत, वीण, रंग सारे काटेकोर तपासले जाते. आणि ध्वजसंहिता सांगते, की ध्वजावर कोणतीही अक्षरे असू नयेत. ज्या कापडापुढे सारा देश उभा राहतो, त्यावर कोणाचीही जाहिरात नाही. त्याचा मान त्याच्या अर्थाने आहे, आणि त्याचा दर्जा विणकराच्या हाताने.

येत्या दिवाळीला दुकानात जाल तेव्हा एवढेच करा. कंपनी कोणती, हे विचारण्याआधी कापड कोणते आणि शिवले कोठे, हे विचारा. दुकानदाराला पहिल्या वर्षी सांगता येणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की पुढल्या वर्षी तो माहिती काढून ठेवील. मागणी एकाने केली तर तक्रार ठरते, सगळ्यांनी केली तर तिची दखल घ्यावी लागते. चळवळीत मी शिकलो ते एवढेच.