मोटार, हप्ता आणि हळदीची पट्टी



पुसेगाव म्हटले की महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव उभे राहते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही; परंतु मी ज्या पुसेगावाविषयी बोलणार आहे ते नामदेवरायांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे त्या हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले, सोयाबीन आणि हळद यांच्या भरवशावर संसार चालविणारे गाव आहे. साताऱ्याच्या पुसेगावची मोटार एम.एच. 11 या मालेतली, आमची 38 ची. आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघण्यापूर्वीची एखादी जुनी जीप अजूनही कोठे धडधडत असेलच, तर तिच्या पाटीवर 22 हा परभणीचा आकडा. अशा गावात ज्या घराण्यात आजवर बैलगाडी, सायकल, एस.टी. आणि फार तर मोटारसायकल एवढीच वाहने नांदली, त्या घरातला कर्ता पुरुष प्रथमच नवी कोरी मोटार घेण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याच्यापुढे कोणकोणते व्यवहार उभे राहतात, हा आजचा विषय.

ज्या काळात फियाट किंवा अँबॅसिडर यांपैकी एखादी गाडी मिळविण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात कर्जाचा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नसे. कारण ज्याच्यापाशी रोकड होती तोच नाव नोंदवीत असे. 14 डिसेंबर 1983 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती मोटारीची किल्ली दिली गेली आणि मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न पडू लागले, तरी पैसा आधी आणि गाडी मागाहून हा क्रम पुढेही काही वर्षे टिकून होता. आता तो पुरता उलटला आहे. गाडी आज दारात उभी राहते आणि पैसा पुढची पाच-सात वर्षे महिन्यामहिन्याने जात राहतो. सबब आजचा गिऱ्हाईक एका बैठकीत दोन जिन्नस खरेदी करीत असतो, एक मोटार आणि दुसरा पैसा. आणि माझा अनुभव असा की पहिल्या जिनसासाठी तो जिवाचे रान करतो, दुसऱ्यासाठी मात्र नुसती मान डोलावतो.

माझ्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ आहेत. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा ढीग पडला की हे मुठीत कांडी घेणार, मोडून तिचा आवाज ऐकणार, आतला रंग उजेडाला धरून पाहणार, आणि अडत, हमाली व तोलाई यांचा पट्टीवरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचल्याखेरीज पैसे खिशात घालणार नाहीत. हेच गृहस्थ मोटारीच्या दालनात गेले, थंडगार सरबताचा पेला हाती आला, आणि टाय लावलेला मुलगा अत्यंत आर्जवाने म्हणाला, "काका, महिन्याला किती जमंल तेवढं सांगा, हप्ता मी बसवून देतो." काकांनी पायपुसण्या, सीटचे कव्हर आणि मागचा कॅमेरा यांवरून अर्धा तास घासाघीस करून पाच-सहा हजारांचा ऐवज पदरात पाडून घेतला, नंतर समोर आलेल्या गठ्ठ्यावर जेथे जेथे फुली केली होती तेथे तेथे सह्या केल्या. व्याजाचा दर काय, असे विचारावे हे त्यांना घरी परतल्यावर सुचले.

त्या मुलाचा प्रश्न दिसायला साधा आहे, परंतु सगळी मेख त्यातच आहे. हप्ता 'बसविणे' म्हणजे मुदत ताणणे. सोयीसाठी पाच लाखांचे कर्ज आणि घटत्या बाकीवर 9 टक्के व्याज धरू. पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 10,379 रुपये पडतो आणि एकूण व्याज 1,22,750 च्या आसपास जाते. सात वर्षांची घेतली तर हप्ता 8,045 पर्यंत उतरतो, ऐकणाऱ्याला हलके वाटते, आणि व्याज मात्र 1,75,700 च्या वर चढते. याहून कपटी प्रकार सपाट दराचा. मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळच्या पूर्ण रकमेवरच धरायचे, ही ती रीत. तिच्यात 9 टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज सव्वादोन लाख होते आणि हप्ता 12,083 वर जातो. म्हणजे तोंडी 9 टक्के सांगितलेला हा दर घटत्या बाकीच्या हिशेबाने जवळजवळ पावणेसोळा टक्के पडतो. दोन सावकारांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी ते दोघे एकाच रीतीने बोलत आहेत काय, हे विचारून घेतले नाही तर स्वस्त म्हणून पत्करलेले कर्ज महागात पडते.

या बाबतीत गिऱ्हाइकाच्या हाती आता एक चांगले हत्यार आले आहे आणि त्याची वार्ता आमच्या बाजूला पुरेशी पोहोचलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाच्या करारापूर्वी कर्जदाराला मुख्य तपशिलाचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि तत्सम खर्च मिळवून वर्षाकाठी प्रत्यक्ष किती टक्के पडतात तो एकच आकडा त्यात असावा लागतो, पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि त्यातील अटी किमान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. "ही योजना आज संध्याकाळपर्यंतच आहे हो" असे कोणी कर्जाविषयी सांगू लागला, तर ते पत्रक मराठीतून मागावे, घडी घालून खिशात ठेवावे आणि शांतपणे सेनगावची गाडी पकडावी.

आता अडचण कागदपत्रांची. नोकरदाराजवळ पगाराची पावती असते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे आपल्याजवळ विवरणपत्र नसते, आणि मग सात-बारा, आठ-अ, मोंढ्याच्या पट्ट्या व बँकेचे पासबुक एवढाच आपल्या ऐपतीचा दाखला. ज्याने हळद विकून रोकड घरच्या डब्यात ठेवली त्याची ऐपत कागदावर शून्य, आणि ज्याने तीच रक्कम दोन वर्षे खात्यातून फिरविली तो भारदस्त इसम ठरतो. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, परंतु वहिवाट अशी आहे.

त्याहून नाजूक प्रकरण सिबिलचे. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीनंतर पुढचीही केव्हातरी येईलच, या आशेवर पीककर्ज थकीत ठेवण्याची सवय मराठवाड्यात पुष्कळांना लागली. जिथे पीकच हाती लागत नाही तिथे त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. तथापि सोसायटीची किंवा बँकेची ती थकबाकी नोंदीत राहते, आणि एकरकमी तडजोड करून काही रक्कम सोडवून घेतली असेल, तर खाते पूर्ण फेडले असा शेरा न पडता तडजोडीने मिटले असा पडतो, व मोटारीचे कर्ज देणारा त्या शेऱ्यावर बोट ठेवतो. पतमाहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो दालनात पाय ठेवण्यापूर्वी काढावा, कारण फिटलेल्या कर्जाची बाकी तशीच दाखविलेली असेल, तर तिची दुरुस्ती आठ-पंधरा दिवसांत होतेच असे नाही. पुष्कळ घरांत यावर उपाय म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावे कर्ज काढतात. उपाय वाईट नाही. मात्र उद्या तोच मुलगा पुण्यात घर घेण्यासाठी बँकेत जाईल तेव्हा वडिलांच्या मोटारीचा हप्ता त्याच्या पगारातून वजा धरला जाईल, हे बापलेकांनी आधीच बोलून घेतलेले बरे.

परंतु आमच्या भागातली खरी विसंगती याहून मुळाशी आहे. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा, आणि शिजवून, वाळवून, ढोलात घासून झाल्यावर फाल्गुनापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत हळदीचा. हप्ता मात्र बारा महिने, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. दसऱ्याचा मुहूर्त, हातात सोयाबीनची रक्कम, गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि पहिली फेरी औंढ्या नागनाथाला, इथपर्यंत सारे यथासांग होते. पुढे मृग लागतो. बियाणे, खत, निंदणी, मुलांची फी, सगळे एकदम अंगावर येते आणि घरात कोठूनही एक छदाम येण्याची सोय नसते, नेमके तेव्हा हप्ते चुकू लागतात. हप्ता परत गेला की बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही लावतो. 1 एप्रिल 2024 पासून त्या दंडावर पुन्हा व्याज चढविण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे हे खरे, पण दंड तो दंडच.

ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, तसा मोटारीला मिळेल काय, हे विचारण्यात कमीपणा नाही. काही ठिकाणी मिळतो. न मिळाल्यास हळदीची पट्टी हाती पडताच पावसाळ्यातल्या चार महिन्यांचे हप्ते, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे 41,500 रुपये, वेगळ्या खात्यात टाकून त्या खात्याचे पासबुक घरच्या लक्ष्मीच्या हवाली करावे. हळदीला भाव चांगला आला तर मुदतीआधी काही मुद्दल फेडण्याची बुद्धी होते, आणि ती उत्तमच. त्यासाठी कर्ज घेतानाच दर स्थिर आहे की बदलता हे पाहावे, कारण व्यक्तीने खाजगी वापरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही; स्थिर दराच्या कर्जावर करारात लिहिले असेल तसे लागते.

गाडीच्या किमतीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेवढी चौकशी लोक आपण होऊन करतात. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवर उतरला. त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर, दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीला 11 टक्के. म्हणजे सहा लाखांच्या गाडीस 66,000 रुपये. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. बाहेरून दर काढून आणला की दालनातला दर पुष्कळदा आपोआप नरमतो. ताबा घेण्यापूर्वी टायरच्या बाजूला लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचावेत. 3225 असतील तर तो टायर 2025 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. गाडी किती दिवस गोदामात उभी होती, याचा अंदाज त्यावरून आणि निर्मितीच्या महिन्यावरून येतो.

विम्याचा एक मुद्दा मात्र कर्जाशी जोडलेला आहे. प्रचलित कोष्टकाप्रमाणे विम्यात धरलेली गाडीची किंमत तीन वर्षे उलटल्यावर मूळच्या 60 टक्क्यांवर येते. पाच लाखांच्या गाडीला पुरे पाच लाख कर्ज सात वर्षांसाठी काढले, तर त्या वेळी बाकी सुमारे 3,23,000 असते आणि विम्याची किंमत 3 लाख. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली, तर विमा कंपनीने दिलेली सगळी रक्कम कर्ज देणाऱ्याकडे वळती होऊन वर आणखी तेवीस हजार आपल्याच अंगावर राहतात. यासाठी स्वतःची रक्कम शक्य तेवढी जास्त भरावी आणि मुदत पाचापलीकडे नेऊ नये, असे माझे मत आहे. शंभर टक्के कर्ज देतो म्हणणारा आपल्यावर मेहेरबानी करीत नसतो.

हप्ते थकलेच तर दारात चार आडदांड माणसे येऊन गाडी ओढून नेतील, अशी धास्ती असते. गाडी कर्ज देणाऱ्याकडे नजरगहाण असते आणि कराराप्रमाणे जप्तीचा अधिकार त्याला असतो. परंतु तो अधिकार गुंडांकरवी वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच बजावले आहे. नोटीस आली की तोंड लपविण्यापेक्षा शाखेत जाऊन पुढल्या पिकाची कैफियत मांडणे हिताचे, कारण जप्त गाडी लिलावात मातीमोल जाते आणि उरलेली बाकी आपल्याच नावावर राहते.

शेवटचा हप्ता फिटला की लोक पेढे वाटतात आणि प्रकरण मिटले असे समजतात. प्रत्यक्षात नोंदणीपुस्तकावर कर्ज देणाऱ्याचे नाव तसेच असते. त्याच्याकडून ना-हरकत दाखला आणि सहीशिक्क्यानिशी नमुना 35 घेऊन हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात अर्ज केल्यावरच ते नाव उतरते. या दाखल्याची मुदत बहुधा तीन महिन्यांचीच असते. ती टळली तर नवा दाखला मागत पुन्हा फिरावे लागते, आणि तोवर तुमची शाखा दुसऱ्या शहरी गेलेली असू शकते. तेव्हा दाखला हाती पडला त्याच आठवड्यात हिंगोली गाठावी, आणि जाताना नोंदणीपुस्तक, विमा व प्रदूषणाचा दाखला यांच्या प्रती बरोबर न्याव्यात.