कप जिंकणं आणि क्लब टिकवणं



मी सॉफ्टवेअरमधला माणूस. मला इथे करिअरवर बोलायला बोलावलंय आणि मी फुटबॉलवर बोलणार आहे. थोडं सांभाळून घ्या.

१४ मे १९८८. लंडनचं वेम्बली स्टेडियम, ९८ हजार प्रेक्षक, एफए कपची फायनल. एकीकडे त्या वर्षीचा लीग विजेता लिव्हरपूल. दुसरीकडे विम्बल्डन. हे नाव आपल्याला टेनिसमुळे माहीत आहे. तिथला फुटबॉल क्लब मात्र १९७७पर्यंत राष्ट्रीय लीगमध्येही नव्हता. फायनलच्या पाच वर्षं आधी तो चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात खेळत होता. त्यांचा व्हिनी जोन्स तर पूर्वी बांधकामावर विटा वाहायचा.

३७व्या मिनिटाला डेनिस वाइजच्या फ्री किकवर लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. जॉन ऑल्ड्रिजची त्या मोसमातली एकही पेनल्टी हुकली नव्हती. तो धावताना क्षणभर थबकायचा आणि गोलकीपर आधी हलला की फसायचा. विम्बल्डनचा कॅप्टन आणि गोलकीपर डेव्ह बीझंट याने त्याचा अभ्यास केला होता. तो थांबला, मग डावीकडे झेपावला आणि बॉल बाहेर ढकलला. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये अडवलेली ती पहिली पेनल्टी. सामना १-० असा संपला. लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात गृहपाठ दिसतो.

पण एवढंच सांगायचं असतं तर मी करिअरवरच बोललो असतो.

१९९१मध्ये या क्लबने आपलं जुनं मैदान सोडलं आणि तो दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाला. मग मालकांनी क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर, मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं. चाहत्यांनी आंदोलन केलं. २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. कप जिंकताना जे गळा फाटेपर्यंत ओरडले होते, त्यांना मतच नव्हतं.

त्यांनी काय केलं? काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड केली. अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात केली. मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे ठेवली, एका सभासदाला एक मत. २०११मध्ये क्लब राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला. २०२०मध्ये जुन्या मैदानाजवळच स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये आला.

आता माझं सांगतो. ज्या वाचनालयात बसून मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अभ्यास केला, ते एक दिवस बंद झालं. आम्ही मित्र हळहळलो, विश्वस्तांना नावं ठेवली. मग कळलं, रीतसर सभासद होऊन वार्षिक सभेला जाणारं आमच्यात कुणीच नव्हतं. मीही नाही. आम्ही फक्त खुर्च्या वापरल्या.

कप जिंकायला अकरा जण पुरतात. क्लब टिकवायला सभासद लागतात. तुमच्या मोहल्ल्यात वाचनालय असेल, व्यायामशाळा असेल, शिक्षण संस्था असेल. या आठवड्यात त्यातल्या एका ठिकाणी जा आणि एवढंच विचारा: सभासद व्हायचंय, फॉर्म कुठे मिळेल?